साडीचे कोणते नियम मोडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साडी नेसवायला गेले की पहिली पिन लागायच्या आत प्रश्न सुरू होतात, आणि राहिलेले रात्री मेसेजमध्ये येतात. लग्नसराईत तर तेच तेच. म्हणून एका जागी लिहून काढले. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला असेल, तर कुठे पाहायचं ते तिथेच सांगितलंय.

साडीचे नियम मोडावेसे वाटतात, पण सुरुवात कुठून करू?

आधी विचारा, हा नियम केला कोणी? काही नियम कापडाचे असतात. जरीची तार घासली की तुटते, जुनं रेशीम घडीवर चिरतं. ते मोडले की साडी जाते. काही माणसांचे असतात. लग्नात काळं नको, सुतकात भडक नको. ते मोडले की कुणाला तरी लागतं, म्हणून त्या माणसाकडे बघून ठरवायचं. उरलेले दुकानाचे: मॅचिंग ब्लाऊज, त्यावर मॅचिंग पर्स, त्यावर मॅचिंग टिकली. हे खुशाल मोडा.

पहिल्यांदाच करत असाल तर ब्लाऊजपासून सुरुवात करा. साडी तीच राहते, आणि अगदीच फसलं तर पदर दोन्ही खांद्यांवरून घेता येतो.

ब्लाऊज साडीच्याच रंगाचा हवा ना?

नको. हा नियम ‘आपली परंपरा’ म्हणून सांगितला की मला हसू येतं. आपली जुनी जोडी आठवा: इरकल साडी आणि खणाची चोळी. खण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. अरुंद पन्ह्याचा, स्वतःचा काठ असलेला, एका चोळीपुरता तुकडा. साडी काळी असेल तर चोळी हिरवी, साडी हिरवी असेल तर चोळी जांभळी किंवा डाळिंबी. साडीशी रंग जुळवायचा हा विचारच तिथे नव्हता. रंग भिडले पाहिजेत, एवढंच.

मॅचिंग आलं ते मॅचिंग सेंटरांबरोबर. टू बाय टू रुबिया या ब्लाऊजच्या कापडाच्या थप्प्या भिंतभर रचलेल्या, आणि साडीचा पदर काउंटरवर टाकून ‘भाऊ, एक शेड गडद’ म्हणत उभ्या बायका. मग साडीलाच ऐंशीएक सेंटीमीटरचा ब्लाऊजपीस जोडून यायला लागला आणि तेवढा विचारही संपला.

माझी पद्धत सांगते. साडीच्या अंगाचा रंग नको, काठाचाही नको, तिच्यातला तिसरा, लहानसा रंग शोधा. पैठणीच्या काठावर मुनिया, म्हणजे विणलेले पोपट, असतील तर त्यांच्या चोचीचा लाल घ्या. अगदी परका रंग घ्यायचा असेल तरी कापडाचं वजन जुळू द्या. जड रेशमावर पातळ मलमलचा ब्लाऊज गरीब दिसतो, मग रंग कितीही नेमका असो. आणि काळा ब्लाऊज सगळ्यांवर जातो हे खरं आहे. म्हणूनच तो मला कंटाळवाणा वाटतो.

आईच्या पैठणीवर डेनिमचा शर्ट घालायचाय. आई नाही म्हणते. काय करू?

आई बरोबर असू शकते, कारण मात्र तिने दिलेलं नसेल. तिचं कारण बहुधा ‘शोभत नाही’ असेल. शोभण्याचं म्हणाल, तर साडीवर काय घालायचं हे कधीच ठरलेलं नव्हतं. पहिले भारतीय आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात नोकरीला होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी इथल्या पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात फेरफार केले आणि परकर-जाकिटासह ती धाटणी बंगालमध्ये नेली. आज आपण ‘साधी साडी’ म्हणतो तिच्या मागे असे बरेच उद्योग आहेत. त्या जाकिटांना तेव्हा नावं ठेवणारे असतीलच.

पण डेनिमचा प्रश्न कापडाचा आहे. निळीचा रंग घासला की सुटतो, आणि घाम लागला की जास्तच. फिकट पैठणीवर तो डाग बसला तर निघणं कठीण. पांढरा रुमाल ओला करून शर्टाच्या काखेजवळ आणि कॉलरला घासा. रुमाल निळा झाला तर तो शर्ट सुती साडीवर घाला. शर्टाची मेटलची बटणंही जरीला अडकतात. त्याऐवजी पांढरा पॉपलीनचा शर्ट घ्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. पैठणीवर तो इतका छान दिसतो की आईचं ‘शोभत नाही’ही विरघळतं, असा अनुभव आहे.

सोनं आणि चांदी एकत्र घालू नये म्हणतात. ऑक्सिडाइज्ड ठुशी आणि सोन्याच्या बांगड्या चालतील?

चालतील. आपल्याकडची कुठलीही नवरी बघा. गळ्यात सोन्याची ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ. पायात चांदीची जोडवी आणि पैंजण. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालायचं नाही, म्हणून चांदी खाली गेली. म्हणजे दोन्ही धातू एकाच अंगावर, आणि तेही सगळ्यात शुभ दिवशी. ‘एकत्र नको’ हा नियम बाहेरून आलेला आहे.

फसतं ते वेगळ्याच कारणाने. एका ठिकाणी दोन धातू समान प्रमाणात आले की भांडतात. गळ्यात अर्धं-अर्धं करू नका. गळा चांदीचा, हात सोन्याचे, असं वाटून द्या. एखादा दोन्ही धातूंचा दागिना असेल, सोन्याचं पाणी दिलेला चांदीचा, तर तो मध्यस्थी करतो. साडीची जरही मोजा. सोनेरी जरीच्या साडीवर फक्त ऑक्सिडाइज्ड घातलं की काठ एकटा पडल्यासारखा वाटतो.

साडीखाली स्नीकर्स?

हो. फक्त आधी स्नीकर्स घाला आणि मग साडी नेसा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. चपलेच्या उंचीवर निऱ्यांची उंची ठरते. नेसून झाल्यावर टाचेचे बूट काढून सपाट घातले की निऱ्या जमीन झाडतात आणि फॉल फाटतो. शिवाय बुटाची लेस घट्ट बांधून टोकं आत खोचा, ती फॉलमध्ये अडकते.

उंच मुलींनी हे उलट वापरावं. साडीचा पन्हा साधारण ४५-४६ इंचांचा असतो, त्यामुळे उंच बाईला तो अपुरा पडतो आणि घोटा दिसतो. तो लपवायची धडपड सोडा, बूट दिसू द्या. देवळातल्या किंवा घरातल्या कार्यात बूट दाराबाहेर निघणार आहेत हे मात्र लक्षात ठेवा. तेव्हा अनवाणी उंचीवर नेसलेली बरी.

काठापदराच्या साडीवर प्रिंटेड ब्लाऊज, किंवा दोन वेगळे प्रिंट एकत्र?

एक मोठा, एक बारीक. साडीवर मोठ्या कैऱ्या असतील तर ब्लाऊजवर बारीक चौकडी. दोन्ही मोठे असले की लांबून कुठे साडी संपते तेच कळत नाही. अजरखचा ठसेछपाईचा ब्लाऊज आणि इरकल हे तर माझ्या हातून इतक्यांदा एकत्र गेलंय की आता त्यात मला काही मोडल्यासारखं वाटतच नाही. रंगाचं वर ब्लाऊजच्या प्रश्नात आलंय.

लग्नाला काळी साडी नेसले तर?

कुणाचं लग्न आहे? ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या रिसेप्शनला नेसा, कुणी बघणार नाही. चुलत नणंदेच्या लग्नात, अक्षता टाकायला पुढे उभं राहायचं असेल, तर नको. तिथे तुमच्या साडीपेक्षा घरातल्या एखाद्या आजीचा जीव महत्त्वाचा.

काळ्याला सरसकट अशुभ म्हणणं मात्र मला पटत नाही. मंगळसूत्राचे मणी कुठल्या रंगाचे असतात? संक्रांतीला नव्या नवरीला काळीच साडी घेतात, त्यावर हलव्याचे दागिने. थंडीत काळं ऊब धरतं, हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. लाल काठाची काळी चंद्रकळा ही तर आपल्याकडची लाडकी साडी. त्यामुळे मधला मार्ग म्हणजे चंद्रकळेसारखीच काळी: रुंद लाल किंवा सोनेरी काठ, भरलेला पदर, हिरव्या बांगड्या. ‘काळी नेसलीस?’ असं विचारलं तर ‘चंद्रकळा आहे’ म्हणायचं. पुढचं बोलणं बहुतेक त्यांच्या आईच्या चंद्रकळेकडे वळतं.

मग पांढरी? सासूबाई म्हणतात पांढरी साडी विधवेची.

हे ऐकून घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवा नेसायच्या ते आलवण, आणि आलवण तांबडं असायचं. आज तोच लाल नवरीचा लाडका रंग आहे. केरळात पांढऱ्यावर सोनेरी काठ म्हणजे ओणम. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये. रंगाला अर्थ आपण चिकटवतो.

पण सासूबाईंना हा इतिहास ऐकवू नका. त्यांच्या मनातली पांढरी म्हणजे बिनकाठाची, कोरी. काठ, जर किंवा बुट्टी असलेली मोतिया रंगाची नेसा आणि टिकली मोठी लावा. त्यांची भीती रंगाची नसते, ओकेपणाची असते.

मी बुटकी आहे, थोडी जाडही. मोठे काठ, आडव्या रेघा टाळू का?

मोठे काठ टाळा असं सांगणाऱ्यांनी शेतावर, बाजारात रुंद काठाच्या साड्या नेसलेल्या आपल्या बायका बघितल्या नसाव्यात. काठ मोठा असला तरी चालतो. पदर कसा सोडला यावर सगळं आहे. मोकळा सोडलेला पदर हातावर पसरतो आणि रुंदी वाढते. बारीक चुण्या करून खांद्यावर एका पिनेने धरला, मागे गुडघ्यापर्यंत सोडला, तर उभी रेघ मिळते. कडक ऑर्गन्झा आणि नवी खळीची सुती साडी फुगते, ती आधी दोनदा धुऊन मऊ होऊ द्या. बाकी नियम सोडून द्या. जाड दिसू नये म्हणून आवडती साडी कपाटात ठेवणं, याला मी नियम पाळणं म्हणत नाही.

साठी उलटली. आता गर्द गुलाबी, स्लीव्हलेस वगैरे शोभेल का?

केस पांढरे झाल्यावर गर्द गुलाबी, मोरपंखी, राणी रंग उलट जास्त खुलतात. काळ्या केसांशी त्यांची स्पर्धा होते, चांदीच्या केसांशी होत नाही. फिकट बिस्किटी रंगच चेहरा ओढून घेतात. स्लीव्हलेसबद्दल: दंडाची लाज वाटत असेल तर घालू नका, वाटत नसेल तर घाला. या प्रश्नात ‘लोक’ नावाचं जे पात्र येतं ते कार्यक्रमाला येत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिवलेली नऊवारी म्हणजे फसवणूक ना?

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. शिवलेली बऱ्याचदा सहावारीतूनच बेतलेली असते, त्यामुळे नाव ‘नऊवारी’ आणि कापड सहावारीचं, एवढी गंमत आहेच. पण नाचायचं असेल, दिवसभर मंडपात पळायचं असेल तर शिवलेली घ्या. नेसलेल्या काष्ट्याची मजा वेगळी: कापड अंगाबरोबर हलतं आणि सैल झालं तर पुन्हा आवळता येतं. शिवलेली मापात बसली नाही की पायजम्यासारखी दिसते. एकदा तरी नेसून बघा. कोळी, ब्राह्मणी, पेशवाई अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि काष्ट्याची उंची प्रत्येकीत बदलते.

पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा, गॉगल आणि बुलेट. हा पोरखेळ नाही का?

काष्टा हा कामाच्या बाईचा पोशाख. कोळणी टोपली घेऊन, मजूर बाया चिखलात भात लावताना काष्ट्यातच असतात. पाय मोकळे राहावेत म्हणूनच तो आहे. तेव्हा नऊवारीत मोटारसायकल चालवणं हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. मोडलेला नियम असलाच तर फेट्याचा, आणि तो मोडला गेला याचा मला आनंद आहे.

सहावारी नेसून मागे एका बाजूला बसणं मात्र खरंच धोक्याचं. पदर चाकात जातो. पदर पुढे घेऊन कमरेला खोचा, आणि हेल्मेट घाला. फेटा पोचल्यावर बांधा.

परकराऐवजी जीन्स किंवा लेगिंग घालून साडी नेसता येते का?

येते. परकराची नाडी काय करते, तर निऱ्यांचं वजन पेलते. ते काम पट्ट्याने करून घ्या. जीन्सच्या लूपमध्ये कापडी पट्टा आवळा आणि त्यात निऱ्या खोचा. जड रेशमी साडी यावर टिकत नाही, ती घसरत जाते. सुती, लिनन, शिफॉन टिकतात. वरून धातूचा कमरपट्टा लावायचा असेल तर जरीच्या काठावर नको. बक्कल जर ओढतं.

नथ लग्नाआधी घालू का? आणि जीन्सवर?

दाबाची नथ आल्यापासून नाक टोचलेलं असण्याचीही अट राहिलेली नाही, लग्न तर दूरच. जीन्स-कुर्त्यावर नथ घालायची असेल तर बाकी दागिने काढा. नथ एकटीच पुरेशी बोलते.

नवरात्रात त्या दिवसाचा रंग नाही घातला तर?

काही नाही. रोज एक रंग ही चाल वृत्तपत्रांनी लोकप्रिय केली, ती काही शास्त्रात सांगितलेली नाही. मैत्रिणींसोबत फोटो काढायचा असेल तर घाला. त्या रंगाची साडी नसेल तर त्या रंगाचा ब्लाऊज घाला. विकत आणायला धावू नका.

नवऱ्यालाही काही सांगा. धोतरावर ब्लेझर? सुटावर कोल्हापुरी?

धोतर, वर कोट आणि डोक्यावर काळी टोपी हा शंभर वर्षांपूर्वी कचेरीत जाणाऱ्या मराठी माणसाचा रोजचा वेष होता. पणजोबांचा जुना फोटो काढून दाखवा. त्यामुळे धोतरावर ब्लेझर घालणारा काही नवं करत नाही. फक्त ब्लेझर आखूड नको, आणि धोतर तयार इलॅस्टिकचं असेल तर कोट काढायचा नाही.

कोल्हापुरी सुटावर नाही, पण सुती ट्राउझर आणि बंद गळ्यावर उत्तम. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका मोठ्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला रॅम्पवर आणल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. गदारोळ झाल्यावर मूळ मान्य केलं. तेव्हापासून ‘ऑफिसला कोल्हापुरी चालेल का’ हा प्रश्न विचारणाऱ्या नवऱ्यांची संख्या वाढलीय, त्याची मला गंमत वाटते. पावसात घालू नका. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं कातडं पाणी पितं आणि मग फुगतं.

आजीची पैठणी कापून ड्रेस शिवू का? सगळे म्हणतात पाप आहे.

याचं उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा बदललंय.

आजीनेच साड्या फाडून गोधड्या शिवल्या, नातींना परकर-पोलकी शिवली. जरीच्या साड्या मोडीत घालायच्या, जर जाळून चांदी काढायची, ही तर उघड पद्धत होती. खऱ्या जरीत चांदी असते. तेव्हा कापलं म्हणून पाप लागत नाही.

पण आधी तपासा. साडी उजेडासमोर धरा आणि घड्यांच्या रेषा बघा. घडीवर रेशीम विरलं असेल, हलकं ताणल्यावर चर्र आवाज येत असेल, तर ती साडी नेसण्यातून गेली. तेव्हा काठ आणि पदर वाचवून जॅकेट, ओढणी करा. ड्रेस शिवला तर शिवणीतच फाटेल. साडी धडधाकट असेल तर माझं मत नाही असंच आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर धागे एकमेकांत गुंतवून विणलेला असतो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. अशा पदरावर कात्री लावण्यापेक्षा पदर उलटा सोडून बघा, पुढून घ्या, जॅकेटसारखा दोन खांद्यांवर घ्या. हे प्रयोग ज्या साड्यांच्या मागे धागे लोंबतात त्यांच्यावर जमत नाहीत, बांगड्यांत अडकतात. पैठणीवर जमतात.

पिन लावताना पिनेत एक मणी ओवा, म्हणजे रेशीम पिनेच्या गोल टोकात अडकत नाही. आणि अत्तर साडीवर नाही, मनगटावर. जर काळी पडते.

अमेरिकेत राहतो. मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीत, बाहेर बर्फ. साडी कशी नेसू?

हा तर नियम मोडायचा हक्काचा प्रसंग. ब्लाऊजऐवजी काळा पोलो नेक स्वेटर, त्यावर काळी किंवा लाल काठाची साडी, वर हलव्याचे दागिने. संक्रांतीचं काळंही झालं. परकराखाली थर्मल, पायात घोट्यापर्यंतचे बूट. परकर सुती असू द्या. हीटरच्या कोरड्या हवेत सिंथेटिक परकर पायांना चिकटतो आणि साडी त्याला चिकटते. पदर कोटाच्या आत घ्या, गाडीच्या दारात नको.

असा एखादा प्रसंग आहे का, जिथे काहीच मोडू नये?

आहे. सुतकातलं घर, दहावं-तेरावं. तिथे साडी कुणाच्याही लक्षात राहू नये. सोवळ्याच्या पूजेत यजमानीण बसणार असेल तर त्या घरात जे चालतं तेच, रेशमी असेल तर रेशमी. आणि कुणाच्याही लग्नात नवरीच्या शालूच्या रंगाशी मुद्दाम भिडणारं काही नको, हा नियम नसला तरी पाळा.

तिथे पोचल्यावर वाटलं की जरा जास्तच झालं. आता?

एक दागिना काढून पर्समध्ये टाका, बहुतेक वेळा कानातला. पुरलं नाही तर पदर मोकळा सोडा आणि ब्लाऊज झाका. तेही पुरलं नाही तर जेवणाच्या पंगतीत वाढायला उभ्या राहा. वाढणाऱ्या बाईची साडी कुणी बघत नाही.